लिटलेस्ट ज्युपिटरहब, आठ महिने वापरून: कोअर उरतात, रॅम संपते

एकाच सर्व्हरवर अनेकांना ब्राउझरमधून पायथनची नोटबुकं चालवू देणारं हे सॉफ्टवेअर. आमच्याकडे खाती चाळीस, एका वेळी कामाला जास्तीत जास्त पंधरा जण. मशीन: एएमडीच्या एपिक 7003 मालिकेतला 16 कोअरचा एक प्रोसेसर, 128 जीबी रॅम. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बसवायला सोपं, त्याबद्दल तक्रार नाही. गोची होते ती रॅमच्या हिशेबात.

अधिकृत सूत्र असं: एका वेळचे वापरकर्ते गुणिले माणशी कमाल मेमरी, अधिक 128 एमबी. पंधरा गुणिले 8 जीबी, म्हणजे 120 जीबी; कागदावर छान बसतं. पण तो 8 चा आकडा फसवा. एक कोटी ओळी आणि आकड्यांचे 20 कॉलम पांडाजमध्ये (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) घेतले की प्रत्येकी 8 बाइट धरून 1.6 जीबी होतात. दोन तक्ते मर्ज करताना, म्हणजे जोडताना, मूळ दोन्ही तक्ते, निकाल आणि मधल्या प्रती एकदमच मेमरीत राहतात. शिवाय डीएफ, डीएफ2, डीएफ_फायनल अशा नावांची जुनी व्हेरिएबल कोणी पुसत नाही! ब्राउझरची टॅब बंद केली तरी कर्नल, म्हणजे नोटबुकमागे कोड चालवणारी प्रक्रिया, चालूच असतो. मेमरीची मर्यादा नोटबुकमागे नसून माणसामागे असते, म्हणून तीन नोटबुकं उघडी असली की कर्नल मरतो आणि बोल सर्व्हरला लागतो.

ही मर्यादा म्हणजे राखीव जागाही नव्हे. सगळ्यांना 16 जीबी दिले आणि आठ-नऊ जणांनी ते खरंच वापरले की मशीन स्वॅपवर (रॅमऐवजी हळू डिस्कवर) जाऊन सगळ्यांचंच काम रखडतं. शेवटी 256 जीबी रॅम आणि माणशी 12 जीबी हे गणित जमलं. या प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनल असतात. बोर्डावर आठच स्लॉट असतील तर आधी 32 जीबीच्या चार पट्ट्या घ्या, नंतर तशाच चार. 16 च्या आठ घेतल्या तर वाढवताना सगळ्या काढाव्या लागतात.

वापरकर्त्याचा निष्क्रिय सर्व्हर मूळ सेटिंगनुसार 10 मिनिटांत बंद होतो, हे फारच कमी. चहा पिऊन येईपर्यंत व्हेरिएबल गायब. 3600 सेकंद ठेवा. मर्यादा बदलल्यावर नुसतं सेटिंग रीलोड करून पुरत नाही. मेमरीची नवी मर्यादा वापरकर्त्याने स्वतःचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते.

कोअर बहुतेक वेळ रिकामेच असतात. मात्र ओपनब्लास (पायथनच्या आकडेमोडीमागची लायब्ररी) प्रत्येक कर्नलमागे प्रोसेसरला झेपतील तेवढे सगळे थ्रेड, म्हणजे समांतर कामं, उघडतं, ते 2 वर आणा. डिस्कचा कोटा सॉफ्टवेअर देत नाही, फाइलसिस्टीमवर पहिल्याच दिवशी लावा. होम फोल्डर भरलं की नोटबुक सेव्ह होत नाही, आणि कोणाची सीएसव्ही पुसायची यावर एकमत होत नाही.