अभ्यासिकेच्या वायफायवर एसक्यूएम: काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या नंदनवन भागात आमची अभ्यासिका आहे. खुर्च्या चाळीस, लाइन 100 एमबीपीएसची, आणि संध्याकाळी सातनंतर एकच ओरड: "दादा, लेक्चर अडकून राह्यलं." उन्हाळ्यापासून राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून त्यातलं एसक्यूएम, म्हणजे नेटची रांग सांभाळणारी सोय, वापरतोय.

आधीच्या राउटरमध्ये प्रत्येक मोबाइलला ठरावीक स्पीड बांधता यायचा. दिला प्रत्येकी 2 एमबीपीएस. पण सकाळी सहाला तीनच पोट्टे बसले असले तरी त्यांना दोनच, बाकी लाइन रिकामी. शिवाय ही मर्यादा फोनच्या मॅक पत्त्याला, म्हणजे राउटर ज्यावरून फोन ओळखतो त्या क्रमांकाला, बांधलेली; आणि अँड्रॉइड 10 पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता सहसा देत नाही. सेटिंगमध्ये एक बटण सरकवलं की पत्ता बदलतो आणि मर्यादा गेली उडत.

एसक्यूएममध्ये 'केक' ही वाटणीची पद्धत निवडली की जितके जण त्या क्षणी नेट ओढतायत तितक्यांत लाइन वाटली जाते. एकटा असला तर सगळी त्याची. मात्र प्रगत पर्यायांत 'नॅट' (nat) हा शब्द घालाच. तो नसला तर आतले सगळे फोन केकला राउटरच्या एकाच पत्त्यामागे दिसतात, आणि वीस डाउनलोड लावणारा वीस वाटे घेऊन जातो.

खरा फरक पडला अपलोडमुळे. संध्याकाळी फोन चार्जिंगला लागले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अपलोड तुंबतं. डाउनलोडची पोचपावतीही त्याच वाटेनं जाते, त्यामुळे ती अडकली की व्हिडिओही थांबतो. एसक्यूएममध्ये डाउनलोड आणि अपलोड दोन्हींच्या स्पीडचा आकडा लाइनच्या 90 टक्क्यांवर, म्हणजे 90000 किलोबिटवर ठेवला. डेटाची रांग कंपनीच्या मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागावी म्हणून थोडा स्पीड सोडावा लागतो. बॅकअप चालू असताना जो पिंग (निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) 600-700 मिलिसेकंदांवर जायचा, तो आता तिसाच्या आसपास असतो. स्पीडटेस्टचा आकडा कमी झाला म्हणून एकानं तोंड वाकडं केलं. लेक्चर अडकतं का विचारलं तर गप्प.

दोन गोष्टी मात्र सांगतोच. हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून चिपनंच ट्रॅफिक पुढं ढकलणं) बंद ठेवावं लागतं, नाहीतर ट्रॅफिक केकला वळसा घालून जातं. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि डबा तापतो. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश असताना तो पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मी खाली कुलरच्या बाजूच्या भिंतीवर आणला.

दुसरं म्हणजे हे इलाज लाइनपुरते. शेवटच्या कोपऱ्यात सिग्नलची एकच काडी असलेला फोन हळू बोलतो, आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवरचे बाकीचे ताटकळतात. तिथं एसक्यूएम काही करत नाही. मागच्या भिंतीला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) वायर टाकून लावला, तेव्हा तो कोपरा सुधारला.

वाटणी पत्त्यागणिक होते, माणसागणिक नाही. ज्याच्याकडे मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही, त्याला दोन वाटे. पोट्ट्यांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही.