प्लॉटचं लेव्हलिंग शिकताना आधी दुर्बीण की आधी सॉफ्टवेअर?

नुकतेच सिव्हिल झालेले दोघे-तिघे दरवर्षी हेच विचारतात: शनिवार-रविवार सिव्हिल थ्रीडीचा (जमिनीचे उतार आणि खोदाई-भराव काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावू, की ठाण्यातल्या एखाद्या सर्व्हेअरच्या हाताखाली दोन महिने काढू? दहा-वीस गुंठ्यांची बंगल्यांची लेआउट करायची असतील, तर माझा कल दुर्बिणीकडे, म्हणजे साइटवर जमिनीची उंची मोजायच्या लेव्हल यंत्राकडे आहे.

क्लासचा फायदा खरा आहे. जोत्याची लेव्हल १० सेंटीमीटरनं बदलली की खोदाई-भरावाचे आकडे लगेच बदलून समोर येतात. कागदावर ग्रिड मांडून तेच करायला अर्धा दिवस जातो. बेलापूरच्या डिझाइन ऑफिसात नोकरी हवी असेल तर सॉफ्टवेअर यावंच लागतं. पण जमिनीचे पॉइंट कुठून आणणार? उपग्रहावरून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा जो डेटा फुकट मिळतो, त्यात एकेका उंचीमागे साधारण ३० मीटरचा चौकोन असतो, म्हणजे ९०० चौरस मीटर. १० गुंठे म्हणजे १०१२. अख्खा प्लॉट जेमतेम एका चौकोनाएवढा, तरी स्क्रीनवर कंटूर (समान उंचीच्या रेषा) कसे झोकदार येतात!

दुर्बीण लावायला चार दिवसांत येते. अंगी मुरायला वेळ लागतो तो फिरून बेंचमार्कवर (उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर) येऊन हिशेब जुळवण्याच्या सवयीला. एकदा मी ते टाळलं आणि लेव्हल अर्ध्या फुटानं चुकली. १० गुंठ्यांवर अर्धा फूट म्हणजे ५४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम, तोही दाबलेला. चार ब्रासचा डंपर धरला तर चौदा फेऱ्या, आणि सुटा मुरूम रोलरखाली बसतो म्हणून वर आणखी दोन-तीन.

पाणी शेवटी जातं कुठे, हेही साइटवरच कळतं. ३० मीटरला १:१०० ढाळ दिला की पाणी ३० सेंटीमीटर खाली उतरतं. रस्त्याकडेच्या गटाराचा तळ त्याच्याही खाली नसेल तर तो ढाळ काय कामाचा? नवी मुंबईत सिडकोचे धारण तलाव आहेत. भरतीला त्यांची दारं मिटतात आणि पाऊस आत साठतो, त्या वेळी गटारं तुंबलेलीच धरायची. घोडबंदरला उलटं: येऊरच्या डोंगराचं पाणी तुमच्या प्लॉटवर येतं, म्हणून वरच्या अंगाला आधी चर. या गोष्टी फाइलमध्ये भरल्या नाहीत तर सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही.

मात्र साइटवर 'का' कुणी सांगत नाही. मुकादम डोळ्यानं 'जरा ढाळ दे' म्हणतो, संपलं. म्हणून एक पावसाळा दुर्बिणीमागे काढा आणि मग क्लास लावा. डिझाइनची नोकरी आधीच हातात असेल तर क्रम उलटा चालेल. फक्त क्लासमध्ये सरावाला देतात ती आयती फाइल बाजूला ठेवा आणि स्वतः घेतलेल्या लेव्हल भरा. ५ मीटरचा ग्रिड धरला तर १० गुंठ्यांना पन्नासेक रीडिंग होतात, एका सकाळचं काम.