बारा कप्प्यांची फाइल : चौदा महिने वापरल्यावर

"घरात पैसे नाहीत आणि पैसे ठेवायला फाइल आणलीस?"

सासूबाईंचा हा पहिला अभिप्राय. तेव्हा माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, म्हणून लिहितेय.

वस्तू साधी आहे. बाजाच्या भात्यासारखी उघडणारी प्लास्टिकची फाइल, आत बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर लेबल सरकवायची खाच, बाहेरून इलॅस्टिक. सोबत महिन्याच्या हिशेबाचे छापील कागद येतात. ते कागद पहिल्याच आठवड्यात रद्दीत गेले. त्यात सगळ्यात वर 'बचत' आणि 'स्वप्नं' असे दोन मोठे रकाने होते, कर्जासाठी मात्र एक ओळसुद्धा नाही. असा कागद छापणाऱ्याने कधी हप्ता चुकवलेला नसावा.

मी दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, घरचा कधी लिहिला नव्हता. खरे आकडे सांगत नाही, पण दोघांचा मिळून महिन्याचा पगार १०० धरला तर फाइल आणली त्या दिवशी आमच्या डोक्यावर ३२८ होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी ११०, वैयक्तिक कर्ज १६०, हप्त्यावर घेतलेल्या वॉशिंग मशीनचे उरलेले १८ आणि धाकट्या दिराकडून घेतलेले ४०. हे चारही आकडे एका कागदावर मी पहिल्यांदा लिहिले ते या फाइलच्या पहिल्या कप्प्यात टाकायचे म्हणून. नवऱ्याने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि म्हणाला, "धाकट्याचे यात कशाला धरलेस? तो काही मागत नाहीये." म्हटलं, म्हणूनच धरले.

आता फाइलकडे वळते. पाकिटांत रोख वाटून ठेवायची पद्धत जुनीच, पण आमचा निम्म्याहून जास्त खर्च मोबाइलवरून होतो. पाकिटात नोटा आहेत आणि पैसे मात्र फोनमधून गेले, असं पहिले दोन महिने झालं. शिवाय एवढी रोकड घरात ठेवायची भीती वेगळीच. मग मी नोटांऐवजी चिठ्ठ्या ठेवायला लागले. प्रत्येक कप्प्यात एक जाड चिठ्ठी, तिच्यावर वर त्या महिन्याची रक्कम आणि खाली प्रत्येक खर्चानंतर उरलेला आकडा. पैसे बँकेतच राहतात. किराणा आणून पिशवी ओट्यावर ठेवली की आधी चिठ्ठीवर वजाबाकी, मग डबे भरायचे. मुलाला हे काम इतकं आवडलं की त्याची वजाबाकी सुधारली. एकदा त्याने हातचा घ्यायचा विसरून आम्हाला चार दिवस श्रीमंतही ठेवलं होतं.

रोजच्या खर्चाच्या कप्प्यांकडून माझी फार अपेक्षा होती. दूध, भाजी, पेट्रोल, बाहेरचं खाणं यांतून कापून कापून काढू असं वाटलं होतं. दोन महिने दात-ओठ खाऊन काटकसर केली तेव्हा महिन्याला २ भाग सुटले. टीव्हीवरच्या न बघितल्या जाणाऱ्या वर्गण्या बंद केल्या तेही यातच आलं. चहात साखर कमी करून कर्ज फिटत नाही, हे चिठ्ठ्यांवर लख्ख दिसलं. दिसत होतं ते दुसरंच : 'घरभाडं' या एका कप्प्यावर ३१ लिहिलेलं होतं. आम्ही एक खोली कमी असलेल्या घरात गेलो आणि भाडं २४ वर आलं. एका निर्णयात ७. हे श्रेय फाइलला द्यायचं का, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. नवरा म्हणतो, सामान त्याने उचललं.

फाइलचे पैसे मात्र वसूल केले ते नवव्या कप्प्याने. त्याचं लेबल आधी 'अचानक' असं होतं. एका रविवारी मागच्या वर्षाची सगळी बँक स्टेटमेंट काढून बसले आणि कार्ड ज्या ज्या महिन्यात फुगलं त्या महिन्यांवर खूण केली. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, सासूबाईंचा चष्मा, दाताचं काम, भाच्याच्या लग्नातला आहेर. बेरीज आली ७२. म्हणजे पाऊण महिन्याचा पगार आम्ही वर्षभर 'अचानक' म्हणून कार्डावर टाकत होतो, आणि त्यात दाताखेरीज एकही गोष्ट अचानक नव्हती. फीची तारीख शाळा दरवर्षी छापून देते! ७२ भागिले १२ म्हणजे महिन्याला ६. त्या दिवसापासून नवव्या कप्प्यावर 'वार्षिक' लिहिलंय आणि तेवढे पैसे दुसऱ्या बँक खात्यात बाजूला पडतात. गेल्या फीच्या वेळी पहिल्यांदाच मी कार्ड न काढता पैसे भरले. कर्ज फेडणं एकीकडे आणि नवीन होऊ न देणं दुसरीकडे. आम्ही आधी फक्त पहिल्याच्या मागे होतो, त्यामुळे गळकी बादली भरत नव्हती.

कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के. बारा त्रिक छत्तीस असं मी मनात धरून चालले होते. व्याजावर व्याज धरलं की वर्षाचे साडेबेचाळीस होतात. एका रात्री बसून हिशेब केला : ११० थकबाकीवर आम्ही मिनिमम म्हणून ६ भरत होतो, त्यातले ३.३ व्याजातच जात होते. वर थकबाकी ठेवून नवी खरेदी केली तर त्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. हे वाचलं त्या रात्री कार्ड पाकिटात घालून, पाकिटाला चिकटपट्टी मारून बाराव्या कप्प्यात गेलं. ते उघडायला कात्री लागते, आणि कात्री आणेपर्यंत निम्म्या वेळा विचार बदलतो. चौदा महिन्यांत एकदाच उघडलं, दाताच्या वेळी.

आधी काय फेडायचं यावर आमचं बरंच भांडण झालं. गणित सांगतं, सगळ्यात महाग कर्ज आधी, म्हणजे कार्ड. मी हिशेबवाली, मी त्याच बाजूची. नवऱ्याचं म्हणणं, मशीन आधी संपवू, एक तरी नाव यादीतून जाऊ दे. मी मांडून बघितलं तर त्याच्या पद्धतीने होणारं नुकसान १०० मधला जेमतेम एक भाग होतं. मग कशाला भांडा! मशीनचा हप्ता ३ होता, ६ भरले, तीन महिन्यांत संपलं. नंतर कळलं की २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च'मध्ये डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी नेमकं हेच तपासलं होतं : रक्कम कितीची होती यापेक्षा किती खाती बंद झाली, यावरून माणूस कर्जातून बाहेर पडेल की नाही याचा जास्त अंदाज येतो. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

आमचा नियम एकच ठेवला : हप्त्यांसाठी महिन्याला २१ बाजूला काढायचे आणि एखादं कर्ज संपलं तरी तो आकडा खाली येऊ द्यायचा नाही. वैयक्तिक कर्जाला ९, मशीनला ६, कार्डाला ६. मशीन संपल्यावर त्याचे ६ कार्डाकडे, म्हणजे कार्डाला १२. दाताचे पैसे त्याच महिन्यात वार्षिक कप्प्यातून भरून टाकले, त्यामुळे गाडी रुळावरून घसरली नाही. तेराव्या महिन्यात कार्ड शून्यावर आलं. शेवटचा हप्ता भरल्यावर 'देय रक्कम ०' असं स्टेटमेंट आलं, ते मी छापून पहिल्या कप्प्यात लावलंय. कागद फुकट घालवला असं सासूबाई म्हणाल्या, पण दोनदा काढून बघितलंय त्यांनी.

मधे एका फायनान्सवाल्यांचा फोन आला होता. सगळी कर्जं एकत्र करून देतो, फक्त १२ टक्के, दोन वर्षं. कार्डाच्या साडेबेचाळीसपुढे १२ ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. "फ्लॅट की रिड्यूसिंग?" विचारल्यावर तिकडे जरा शांतता. फ्लॅट निघालं. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच; रिड्यूसिंगमध्ये ते उरलेल्या रकमेवर लागतं. खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. कार्डापेक्षा तरीही स्वस्त होतं हे मान्य करायला हवं, पण वैयक्तिक कर्जाचं व्याज १४ आणि काही आहे, तेही त्यांना याच खड्ड्यात ओढायचं होतं. नको म्हटलं. त्यानंतर आठवडाभर रोज फोन.

आता दोष. इलॅस्टिक चौथ्या महिन्यात सैल पडलं, सध्या मुलाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा लावलाय. लेबलं खाचेतून निसटतात. एकदा 'औषधं' आणि 'पेट्रोल' यांची अदलाबदल झाली आणि आठवडाभर आम्ही गाडीची तब्येत उत्तम आहे असं समजत होतो. कप्पे आतून चिकटवलेले आहेत, शिवलेले नाहीत, त्यामुळे खालचे कोपरे सुटतात. सुट्टी नाणी टाकत असाल तर तळ लवकर जाईल. आणि दोघांपैकी एकच माणूस लिहिणार असेल तर घेऊ नका. आमच्याकडे सुरुवातीला मीच लिहायचे, तेव्हा ती 'तुझी फाइल' होती आणि प्रत्येक वजाबाकी म्हणजे नवऱ्याला माझी तक्रार वाटायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं मिळून लिहायला लागलो तेव्हापासून ती 'फाइल' आहे.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा इलॅस्टिकचा कापला, एक त्या 'स्वप्नं' रकान्याचा.

चौदाव्या महिन्याच्या हप्त्यांनंतर वैयक्तिक कर्जाचे ५३ उरलेत, दिराचे २८. कार्डाचे १२ मोकळे झाले ते आता दिराकडे जातात. पहिले पैसे त्याच्या खात्यावर टाकले तेव्हा त्याचा फोन आला, "वहिनी, चुकून आलेत का?" दुसरी फाइल तोही मागतोय. त्याला सांगितलंय, शिवलेल्या कप्प्यांची मिळते का बघ, आणि मिळाली तर आमच्यासाठीही एक आण, पैसे 'किरकोळ' कप्प्यातून देते.