सशाच्या उकरण्यावर बुरूड आळीची टोपली: पाचपैकी साडेचार

घरात ससा आहे आणि तो गादी, सोफ्याचा कोपरा, बेडरूमच्या दाराची कड उकरून काढतोय, अशांसाठी हा रिव्ह्यू. वस्तू अगदी साधी: पुण्याच्या बुरूड आळीत मिळते ती रुंद तोंडाची, बसकी बांबूची टोपली. सशांसाठी म्हणून ऑनलाइन विकले जाणारे प्लॅस्टिकचे डबे मी वापरून पाहिलेत. त्यांचा तळ गुळगुळीत असतो, नख्यांना काही लागतच नाही, आणि आमची जाई दोन मिनिटांत बाहेर येऊन पुन्हा गादीकडे वळायची. बांबूच्या विणीत मात्र नख्या अडकल्यासारख्या रुततात, खरखर आवाज होतो. तिला हवं असतं ते हेच.

आपल्या माळरानावरचा ससा बीळ खणत नाही, गवतात अंग मावेल एवढी जागा दाबून बसतो. आपण घरी पाळतो ती जात वेगळी, मूळची युरोपातली, जमिनीखाली बिळांचं जाळं करून राहणारी. त्यातही बीळ खणण्यात मादी पुढे. म्हणजे उकरणं ही खोड नाहीच, ते तिचं काम आहे. ओरडून, टाळ्या वाजवून, पिंजऱ्यात कोंडून ते थांबत नाही. मुका जीव नुसता घाबरतो आणि आपण पाठ फिरवली की पुन्हा सुरू करतो. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जास्त हालचाल करतात, त्यामुळे पहाटे पाचला दाराशी खरवड सुरू होते ती तुम्हाला छळायला नाही.

टोपली घेताना रंग न दिलेली मागा. रुखवतासाठी रंगवलेल्या आणि वॉर्निश मारलेल्या खूप दिसतात, त्या नकोत, कारण ससा काठ कुरतडणारच. मी मागितली तेव्हा विणणाऱ्या काकांनी विचारलं, "काय ठेवणार यात? कांदे?" ससा म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून आतली बाजू हाताने चाचपली, दोन कामट्यांची कुसळं कोयत्याने तासून काढली आणि म्हणाले, "ताई, काठ दुहेरी विणून देतो, नाहीतर आठवड्यात उसवेल." दुसऱ्या दिवशी तयार मिळाली. अडीच फूट रुंद, सात-आठ इंच उंच, साडेचारशे रुपये. दोन किलोच्या सशाला हे माप भरपूर होतं. घरी आणल्यावर आतून एकदा पॉलिश पेपर फिरवा. पायाच्या तळव्याला कुसळ लागून जखम झाली तर ती चिघळते, सशांच्या पायांना आपल्या कुत्र्या-मांजरांसारखी गादी नसते, नुसते केस असतात.

आत काय भरायचं? कुरिअरच्या पाकिटांत येणारा खाकी कागद लांब पट्ट्या करून, वर वाळलेलं गवत. कागदावरच्या चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढा. बागेतली माती मी टाळते, तिच्यात खत-औषध काय पडलंय कळत नाही. मांजरांची ओली झाली की गोळा होणारी वाळू तर अजिबात नको, पोटात गेली तर आतडं बंद होऊ शकतं. तळाशी कोथिंबिरीच्या काड्या पुरून ठेवते.

जाई आत शिरली की आधी नाक खुपसून सगळा कागद हुंगते. मग पुढचे दोन्ही पाय सटासट चालतात, पट्ट्या मागच्या पायांमधून बाहेर उडतात. ढीग साचला की ती उलटी वळते, पंजे सपाट धरते आणि तो ढीग छातीने रेटत काठापर्यंत नेते. काठाशी थांबते, कान टवकारून बघते, पुन्हा सुरू. दमली की तिथेच धपकन कुशीवर पडते. हे बघायला मी चहा घेऊन शेजारी बसते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: टोपली सोयीच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. जिथे उकरत होती तिथेच, त्याच जागेवर ठेवायची. सवय लागली की रोज थोडी थोडी सरकवायची. दाराच्या कडेला मी शहाबादी फरशीचा तुकडा टाकला, तिथे नख्या चालत नाहीत आणि उन्हाळ्यात तिला गारव्याला बसायला जागा झाली. नखं दर महिना-दीड महिन्याला कापली की नुकसान आणखी कमी होतं.

गादीच्या कडेला मारायचा कडू स्प्रे एका पेट शॉपने शंभर टक्के गुण येईल म्हणून दिला होता. जाईने तो चाटला. पैसे घालवू नका.

टोपलीने भागणार नाही अशीही एक वेळ असते. मादी अचानक वेड्यासारखी उकरू लागली, छातीचे केस उपटून गवतात मिसळू लागली, तर बहुतेक खोटं गाभणपण असतं. ते साधारण 16 ते 18 दिवसांत ओसरतं, पण पुन्हा पुन्हा येतं. अशा वेळी सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे नसबंदीचं विचारा. वय वाढलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, तोही धोका त्याने टळतो. ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायची गरजच नसते, उलट उपासाने त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. गादीचा कापूस किंवा गालिच्याचे धागे गिळल्यावरही तेच होतं. खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.

अर्धा गुण कापला तो पावसाळ्यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये बांबूला बुरशी धरते आणि एकदा आत लघवी मुरली की वास जात नाही. व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी लागते, आणि ऊनच नसेल तर पंचाईत. म्हणून मेअखेरीस एक जादा टोपली आणून ठेवा. मोठ्या जातीचा ससा असेल तर तीन फुटी सांगून विणून घ्या, तयार मालात ते माप क्वचित असतं.