आठ महिने वापरलेला माझा गेमिंग पीसी: कुठला पार्ट का घेतला आणि कुठे चुकले

माझा गेमिंग पीसी असेंबल करून आता आठ महिने झाले. रोज रात्री दोन-तीन तास आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त वापर आहे, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू मला पटत नाहीत, तेव्हा सगळंच भारी वाटत असतं. आधी पार्ट सांगून टाकते: प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी (दोन्ही एएमडी कंपनीचे), बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (गेम साठवायची डिस्क), ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा पॉवर सप्लाय) आणि २७ इंची मॉनिटर, १४४०पी, १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा).

मॉनिटर शेवटी लिहिला खरा, पण ठरवला सगळ्यात आधी. बहुतेक जण उलटं करतात, प्रोसेसर आणि कार्ड ठरवण्यात महिना घालवतात आणि मग उरलेल्या पैशात बसेल तो मॉनिटर आणतात. आता हिशोब बघा, १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे जवळपास ३७ लाख आणि ४के म्हणजे ८३ लाख. म्हणजे जे कार्ड १०८०पी वर आरामात पळतं त्यालाच ४के वर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्राला, चौपट पिक्सेल रंगवायचे असतात. कुठल्या स्क्रीनवर खेळणार हे ठरलं नसेल तर "कार्ड कुठलं घेऊ" या प्रश्नाला उत्तरच नाही. मी गोष्टीवाले, मोठ्या ओपन वर्ल्डचे गेम खेळते, मला चित्र सुंदर हवं, सेकंदाला २४० फ्रेम नकोत, म्हणून १४४०पी. तिथून मागे येत येत बाकीचे पार्ट ठरवले.

माझा धाकटा भाऊ त्याच वेळी पीसी बनवत होता. मला म्हणाला, "ताई, तू जे कार्ड घेतेस तेच मी घेतो ना, परत डोकं कशाला लावायचं?" पण तो खेळतो काउंटर-स्ट्राइक २ हा झटपट नेमबाजीचा ऑनलाइन गेम, तेही १०८०पी, २४० हर्ट्झवर आणि सेटिंग सगळी लो. त्याचं गणित पार वेगळं. प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते, आधी प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, कार्डाला काय काढायला सांगायचं, आणि मग कार्ड ते रंगवतं. २४० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ४.२ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत, माझ्या १६५ ला ६ मिळतात. प्रोसेसरलाच ६ लागत असतील तर पुढे जगातलं सगळ्यात मोठं कार्ड लावा, ते नुसतं वाट बघत बसणार. म्हणून त्याला सांगितलं, तू कार्ड छोटं घे आणि प्रोसेसरवर खर्च कर. त्याने रायझन ७ ७८०० एक्स थ्रीडी घेतला आणि सोबत आरटीएक्स ४०६०.

या एक्स थ्रीडी प्रोसेसरबद्दल थोडं सांगते कारण लोक नुसतं "गेमिंगला बेस्ट" म्हणून सोडून देतात. माझ्या ७६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, खूप वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, त्याच्यात ९६. मूळ चिपवर ६४ एमबीचा कॅशचा एक जादा थर चढवलाय. गेममध्ये प्रोसेसरला तीच ती माहिती सतत लागते, ती रॅममधून आणायला वेळ जातो, इथे ती बाजूलाच पडलेली असते. त्या थरामुळे खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडायला अडचण होते, म्हणूनच पुढच्या ९८०० एक्स थ्रीडीत एएमडीने कॅश कोअरच्या खाली टाकली. भावाच्या गेममध्ये याचा फरक दिसतो. माझ्या गेममध्ये दिसला असता का? फारच कमी, कारण माझ्याकडे कार्ड ९८-९९ टक्क्यांवर चालतं आणि ७६०० चे सहा कोअर निवांत असतात. तुमचा जुना पीसी कुठे अडतोय ते बघायची सोपी रीत म्हणजे गेममधलं रिझोल्युशन एकदम कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर.

कार्डावर मात्र मी खूप घोळ घातला. एका बाजूला एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० सुपर, १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), २२० वॅट, दुसऱ्या बाजूला आरएक्स ७८०० एक्सटी, १६ जीबी, २६३ वॅट. खरं सांगायचं तर रे ट्रेसिंगमध्ये (खऱ्यासारखा उजेड आणि प्रतिबिंबं दाखवणं) एनव्हिडिया पुढे आहे आणि कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवायच्या त्यांच्या डीएलएसएसचं चित्र मला एएमडीच्या एफएसआरपेक्षा स्वच्छ वाटतं, झाडाची पानं, तारा, जाळ्या असल्या बारीक गोष्टींत ते लगेच कळतं. तुम्हाला रे ट्रेसिंग लावूनच खेळायचं असेल तर तिकडे जा, मी अडवणार नाही. मी १६ जीबीकडे गेले कारण जुन्या ८ जीबीच्या कार्डावर काय होतं ते मी दोन वर्षं बघितलंय. फ्रेमचा आकडा छान ७० दाखवायचा, पण घोड्यावरून गावात शिरलं की अर्धा सेकंद अडकायचं, भिंतीवरचा दगडाचा टेक्सचर (पृष्ठभागावरचं चित्र) मेण ओतल्यासारखा धुरकट, आणि दोन-तीन सेकंदांनी तो हळूच स्पष्ट व्हायचा. व्हीरॅम भरली की असंच होतं, माल सिस्टिम रॅममधून ओढावा लागतो आणि तो रस्ता खूपच हळू आहे. सरासरी फ्रेममध्ये हे दिसतच नाही, म्हणून रिव्ह्यू बघताना १ टक्का लो चा, म्हणजे सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा आकडा बघत जा. नवीन कार्डावर टेक्सचर कायम सगळ्यात वरच्या सेटिंगला आहेत आणि आठ महिन्यांत तसं अडकणं मी एकदाही बघितलं नाहीये.

आता माझी खरी चूक, कॅबिनेट. पहिलं घेतलं ते दिसायला अप्रतिम, पुढे अख्खी काळी काच, आत तीन लाइटवाले फॅन. कंपनीचं नाव घेत नाही, असली कॅबिनेट बऱ्याच जणांची आहेत. काच आणि फ्रेमच्या मध्ये बोटभर फट, हवा आत येणार ती तेवढ्यातूनच. तासभर खेळलं की कार्ड ८४ डिग्रीवर आणि त्याचे फॅन असे घोंगावायचे की हेडफोन घालूनही ऐकू यायचे. आठवडाभर मी कार्डालाच दोष देत होते, परत करायच्या तयारीत होते. मग एकदा सहज बाजूची काच काढून ठेवली आणि तोच गेम, तीच जागा, ९ डिग्री कमी! कार्ड बिचारं ठीकच होतं, त्याला श्वास घ्यायला हवा नव्हती. तुमच्याकडे टेंपरेचर जास्त येत असेल तर आधी ही टेस्ट करा, फुकट आहे. शेवटी पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट आणलं, पुढून दोन फॅन आत, मागून एक बाहेर. सगळं उघडून परत बसवायला अख्खा रविवार गेला. पण आता खेळताना फॅनचा आवाज कानावर येत नाही, आणि रोज वापरताना मला या पीसीतली सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. कॅबिनेट घेताना अजून दोन मापं नक्की बघा, आत किती लांबीचं कार्ड मावतं आणि किती उंचीचा कूलर मावतो. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा मोठा एअर कूलर घ्यायचा असेल तर तो १६५ मिलिमीटर उंच आहे, अरुंद कॅबिनेटची बाजू लागणारच नाही. ७६०० सोबत बॉक्समध्ये कूलर येतो आणि त्याने काम भागतं, मी शांततेसाठी एक साधा टॉवर कूलर लावला. लिक्विड कूलरची या प्रोसेसरला काडीची गरज नाही, ६५ वॅटचा तर आहे.

एसएमपीएसबद्दल मात्र मला तळमळीने सांगायचंय. हा एकच पार्ट असा आहे की खराब निघाला तर जाताना बाकीच्यांना सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि लोक सगळ्यात जास्त काटकसर इथेच करतात. एसएमपीएसवरचं ८० प्लस गोल्ड हे प्रमाणपत्र म्हणजे अर्ध्या लोडवर साधारण ९० टक्के एफिशियन्सी, बस, आतलं बांधकाम किती चांगलं आहे याची ती खात्री नाही. त्या अमुक मॉडेलचा, आत उघडून तपासलेला रिव्ह्यू शोधून वाचा. वॅटचं म्हणाल तर ७८०० एक्सटीला एएमडी स्वतः ७०० वॅटचा सांगते. बेरीज केली तर माझा अख्खा पीसी ४०० च्या आसपासच जातो, मग ७०० कशाला असं मलाही वाटलं होतं. पण कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतं, इतक्या कमी वेळासाठी की साध्या मीटरवर दिसतही नाही, आणि एसएमपीएसला ती झेपली नाही तर पीसी खेळता खेळता धाडकन बंद. एसएमपीएस कसा असावा ते ठरवणाऱ्या २०२२ च्या एटीएक्स ३.० स्पेसिफिकेशनमध्ये तर मोठ्या एसएमपीएसने रेटिंगच्या दुप्पट लोड १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे असंच लिहिलंय. कार्डाला विजेचे दोन ८-पिन कनेक्टर लागत असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलचं जुळं टोक नको. आणि जुन्या मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्यात लावू नका, अगदी फिट बसल्या तरी! एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असू शकते, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी गेलाच.

रॅम दोन काड्या, प्रत्येकी १६ जीबी, डीडीआर५ ६००० (हा स्पीड), सीएल३० (माहिती मागितल्यावर किती सायकल थांबावं लागतं तो आकडा). रायझन ७००० ला हा आकडा छान मानवतो. सीएल चा आकडा एकटा बघू नका, ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, त्याच स्पीडला सीएल४० म्हणजे १३.३. इथेही एक गोष्ट माझी राहून गेली, पहिले तीन आठवडे माझी रॅम ४८०० वर चालत होती कारण बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, चालू केलंच नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये सहज स्पीड दिसला तेव्हा कळलं. पैसे ६००० चे दिलेत तर एवढं बटण दाबाच, इंटेलवर त्याला एक्सएमपी म्हणतात. नंतर वाढवू म्हणून आता दोन आणि पुढे दोन असा विचार असेल तर सोडा, चार काड्या लावल्या की रायझन ७००० चा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो.

मदरबोर्डवर जास्त वेळ घालवू नका. बी६५० पुरे, एक्स६७० म्हणजे तसलाच चिपसेट (बोर्डावरची पोर्ट सांभाळणारी चिप) दोनदा लावून पोर्ट वाढवलेत, गेममध्ये फ्रेम वाढत नाहीत. मी फक्त वायफाय, एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण बघितलं. ते बटण असलं की प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट करता येतो. एएम५ (बोर्डावर प्रोसेसर बसतो तो सॉकेट) निवडायचं कारण हेच की २०२२ च्या बोर्डावर बायोस अपडेट करून २०२४ चे ९००० सिरीजचे प्रोसेसर बसतात, आणि एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देणार असं सांगितलंय.

पहिल्यांदा असेंबल करत असाल तर दोन ठिकाणी छातीत धस्स होणार, आधीच सांगून ठेवते. एएम५ च्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण असतं, ते आधी काढायचं नाही, प्रोसेसर ठेवून लिव्हर दाबली की ते आपोआप टक्कन उडून वर येतं. लिव्हरला जोरही इतका लागतो की काहीतरी मोडतंय असं वाटतं, पण प्रोसेसरचा कोपऱ्यातला त्रिकोण आणि सॉकेटचा त्रिकोण जुळलेला असेल तर बिनधास्त दाबा. दुसरं म्हणजे पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच. फॅन फिरतायत, बोर्डावर डीरॅमचा (रॅमचा) बारका दिवा पेटलाय आणि काही होत नाहीये. भाऊ म्हणाला, "ताई, बंद कर, काहीतरी जळेल." नाही केलं, बसून राहिलो. डीडीआर५ पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी स्वतःला जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, मध्येच बंद केलं तर परत पहिल्यापासून. चौथ्या मिनिटाला बायोसचा लोगो आला तेव्हा आम्ही दोघं ओरडलोच.

हो, आणि मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला, माझा ६० वरच होता.

एसएसडीचं थोडक्यात, जेन४ (पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी) घ्या, टीएलसी वाला (मेमरी चिपचा प्रकार) घ्या, सेकंदाला ७००० एमबीच्या आकड्यामागे धावू नका, गेम लोड व्हायला हातानं मोजता येईल असा फरक पडत नाही. त्यापेक्षा जागा जास्त घ्या. आज परत पार्ट निवडायचे झाले तर मी दोनच गोष्टी बदलीन, कॅबिनेट पहिल्याच दिवशी जाळीचं आणि एसएसडी २ टीबीचा. मोठे गेम आता १०० जीबीच्या वर जातात, असे बरेच टाकले की माझी डिस्क लाल दिसायला लागते आणि प्रत्येक नव्या गेमसाठी एक जुना काढावा लागतो. दुसरा एम.२ स्लॉट रिकामाच आहे, पुढच्या महिन्यात तो भरणार.