आठ महिने कलाकारांच्या रेडिओवर: चोपड्याच्या केळीबागेतून

आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करून ठिबकचे व्हॉल्व्ह बदलत पहाटेपर्यंत जागे राहण्यावाचून इलाज नसतो. गेल्या जूनमध्ये या जागरणासाठी काहीतरी ऐकायला शोधताना मी लंडनच्या रेझोनन्स एफएमवर पोचलो आणि पुढे बेथलेहेमच्या रेडिओ अल-हारावर. आता फेब्रुवारी संपत आला आहे, तेव्हा आठ महिन्यांच्या ऐकण्यावर चार गोष्टी लिहायला हरकत नाही.

दोन्ही स्टेशने कलाकारांनीच उभी केलेली आहेत. रेझोनन्स 1 मे 2002 रोजी लंडन म्युझिशियन्स कलेक्टिव्ह या संगीतकारांच्या संघटनेतून सुरू झाले. लंडन शहरात ते 104.4 वर लागते आणि आपल्याला इंटरनेटवर ऐकता येते. त्यावर कार्यक्रम करणारे बहुतेक लोक विनामोबदला काम करतात. अल-हारा मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात काही वास्तुविशारद आणि डिझायनर मित्रांनी सुरू केले. अरबीत हारा म्हणजे मोहल्ला, आणि ऐकताना खरोखर शेजारच्या ओट्यावरच्या गप्पा कानी पडाव्यात तसे वाटते, जरी त्यातला शब्दही कळत नसला तरी.

वापराचे सांगायचे तर वेगळे ॲप घ्यावे लागत नाही, मोबाईलच्या ब्राउझरवर चालते. 128 केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला सुमारे 58 एमबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये रात्रभर ऐकूनही निम्म्याहून अधिक शिल्लक राहतो. शेतात सातपुड्याच्या बाजूला नेटवर्क मधूनमधून तुटते. त्याला मी खोपीच्या पत्र्याबाहेर बाभळीच्या फांदीला मोबाईल टांगण्याचा उपाय काढला आहे. घड्याळाची एक गंमत मात्र आधी माहीत असावी. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच तास. तिकडचा रात्री आठचा कार्यक्रम दिवाळीच्या सुमारास अचानक साडेबाराऐवजी दीड वाजता लागू लागला, तेव्हा मी दोन दिवस मोबाईललाच दोष देत होतो.

पहिला महिना, खरे सांगतो, त्रासाचा गेला. कधी एखादी व्यक्ती अर्धा तास दाराच्या करकरण्याचा आवाज ऐकवते, कधी सूर न लागलेला गायक तसाच शेवटपर्यंत गात राहतो, आणि मध्ये कोणी ‘आता ऐकू या’ असे म्हणून हात धरत नाही. जुलैच्या अखेरीस माझ्या लक्षात आले की मी गाणी निवडणे सोडून दिले आहे. यूट्यूबवर अहिराणी गाणे लावले की पुढचेही तशाच ठेक्याचे येते. इथे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मध्यरात्री एकट्या माणसाला जागे ठेवायला हे पुरेसे असते.

स्वयंशिक्षित कलाकाराच्या बाजूने पाहिले, तर फरक दारातच दिसतो. आपल्याकडे रेडिओवर गायचे म्हणजे आकाशवाणीची स्वरचाचणी आणि त्यानंतर मिळणारी श्रेणी. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर घातलेली बंदी 1971 पर्यंत टिकली आणि तेव्हाही ती अंशतःच उठली. ज्या भजनी मंडळाचा श्वासच पेटी आहे, त्याला हे काय वाटले असेल? सामुदायिक रेडिओचे दार 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना उघडले, तेही 100 वॅटच्या मर्यादेत. तेलंगणातल्या माचनूरच्या दलित स्त्रियांनी 2008 मध्ये संघम रेडिओ सुरू केला, त्यामागेही एक संस्था उभी होती. एकट्यादुकट्या गाणाऱ्याला परवाना मागताच येत नाही, म्हणून इंटरनेटवरच्या या स्टेशनांना इथे एवढे महत्त्व.

देवाणघेवाण हा शब्द मात्र मी जपूनच वापरीन, कारण पहिले पाच महिने मी नुसता घेत होतो. श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई या खानदेशातल्या देवीच्या जागरणाला बायका गातात, त्याचे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. गाणाऱ्या आजींची परवानगी घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, “तठला लोकेसले कानबाई म्हाईत शे का?” (तिथल्या लोकांना कानबाई माहीत आहे का?) नसेल, असे मी म्हणालो, आणि तरीही त्या हो म्हणाल्या. नोव्हेंबरात ते एका परदेशी स्टेशनला (वरच्या दोहोंपैकी नव्हे) पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: रोट म्हणजे काय, नारळाला देवी कसे मानतात, मध्ये हसणे कशाचे आहे? रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळीचे, उत्तर दोन ओळींत झाले, हसण्याचे लिहायला मला एक संध्याकाळ लागली. डिसेंबरात ते आपल्या पहाटे पावणेचारला लागले.

माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती कोणा एका स्टेशनची नसून या साऱ्या प्रकाराची आहे. आकाशवाणी चाचणी घेते, पण गाणाऱ्याच्या हाती मानधन ठेवते; इथे चाचणी नाही आणि मानधनही नाही. कार्यक्रम करणारेच फुकट राबतात, तर पाहुण्याला कोठून देणार, हे मला समजते. पण आजींनी “पैसा कितला भेटतीन?” असे विचारले, तेव्हा ही समजूत त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. ज्यांना गाण्यातून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांनी या रेडिओवर विसंबू नये. ज्यांना ऐकायला वेळ आणि कान आहेत, त्यांनी मात्र निदान एक महिना सोसून पाहावे.

ते गाणे लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनच्या संग्रहातले ते ध्वनिमुद्रण आजींच्या ओट्यावर लावले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, मध्ये दोनदा मागे घ्यायला लावले, आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्या बायका घाईत गेल्या असे त्यांचे मत पडले, कारण तेव्हा रोटांची कणीक मळायची राहिली होती. येत्या श्रावणात कणीक आधी मळून ठेवायची आणि मोबाईल चुलीपासून दूर ठेवायचा, असे ठरले आहे.