रोजची मिस्सावाचनं की वर्षभरात अख्खं बायबल?

आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) सुरू झाला की आमच्या वसईतल्या मित्रमंडळींत कुणीतरी विचारतंच, "नव्या वर्षापासून रोज बायबल वाचायचं ठरवलंय, कसं वाचू?" मी दोन्ही करून पाहिलंय. एकदा उत्पत्तीपासून सलग, रोज तीन-चार अध्याय. ते तडीस गेलं नाही. त्यानंतर आजतागायत मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेची, ठरलेली वाचनं: आधी पहिलं वाचन, मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा.

सलग वाचनाचं एक सुख दुसरीकडे मिळत नाही. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं तिथपासून तो त्यांना मिसरात धान्य देतो तिथपर्यंत तुम्ही त्याची पाठ सोडत नाही. मिस्सेत ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी येते, आणि रोजचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या पाळीचं असल्यामुळे मुख्यतः एक वर्षाआड.

माझं घोडं अडलं ते थकबाकीपाशी. जानेवारीच्या शेवटी घरात चुलतभावाचं लग्न निघालं. नऊ दिवस पुस्तक उघडलंच नाही. दहाव्या रात्री हिशेब केला तर तीसेक अध्याय बाकी. बसलो भरून काढायला. निर्गमच्या पुस्तकातले देवाच्या मंडपाचे पडदे, याजकांचे झगे, मग लेवीयचं पुस्तक. चौदाव्या अध्यायात नियम आहे: घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग दिसले तर याजकाने येऊन पाहावं आणि घर सात दिवस बंद ठेवावं. मला हसूच आलं. हा नियम आमच्याकडे पावसाळ्यात लावला तर अख्खी आळी बंद! पण हसता हसता मनात आलं, देवाला आमच्या भिंतीच्या ओलीचंही काही पडलंय की काय? तिथे जरा थांबावंसं वाटत होतं. थांबणार कसा, अजून सात-आठ अध्याय उरले होते. पान उलटलं. प्रार्थनेला बसलोय की हप्ता भरायला, तेच कळेना. फेब्रुवारीत खूण गणनाच्या पुस्तकात राहिली ती राहिलीच.

मिस्सेच्या वाचनांत कालचा दिवस चुकला तर चुकला, आज तो कुणी मागत नाही. आजच्या पंधरा-वीस ओळी, त्यातली एखादी मनाला लागली तर दिवसभर तीच. शिवाय आठवड्यातल्या दिवसांचं शुभवर्तमान सामान्य काळात (नाताळ, ईस्टर असे सणांचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत) दरवर्षी तेच असतं. काहींना याचाच कंटाळा येतो. मला हेच आवडू लागलंय. मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ, होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलेला येशू, हे सामान्य काळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे जानेवारी सरता सरता येतं. माझ्या बायबलात त्या समासात पेन्सिलीने लिहिलंय: "2022, बाबा दवाखान्यात." "2023, बाबा घरी." मग नुसतं "2025", त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. तेच वादळ मत्तयच्या शब्दांत जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला परत येतं, तेव्हा पाचूबंदरच्या होड्या मासेमारी बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात. एकच प्रसंग, पण दोनदा वेगळा ऐकू येतो.

एक जपा. रविवारी जुन्या करारातलं वाचन बहुतेक वेळा शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं. सामान्य काळात इतर दिवशी दोन्ही आपापल्या वाटेने चालतात. तिथे ओढूनताणून धागा जोडायला गेलात तर डोकं तेवढं दुखेल. मी वर्षभर तेच करत होतो.

मिस्सावाचनांत खटकण्यासारखं नाही असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर), 1969 मध्ये हा क्रम आला तो भाविकांच्या कानी जास्त बायबल पडावं म्हणून, तरी कात्री लागतेच. 30 जून 2024 च्या रविवारी येशू याईरच्या मेलेल्या मुलीला उठवतो आणि वाटेत एक आजारी बाई त्याचा झगा शिवून बरी होते, तो उतारा होता. त्याचं छोटं रूप वाचायची मुभा आहे आणि मी ज्या चर्चमध्ये होतो तिथे तेच वाचलं गेलं. झगा शिवणारी ती रक्तस्रावी बाई त्यातून गायब! तिचा आजार बारा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. ती बाईच नसेल तर हे बारा आणि बारा कानावर पडणार कुठून? म्हणून मी मोबाइलवर नुसता संदर्भ बघतो आणि वाचतो घरच्या बायबलात, आधीच्या-नंतरच्या ओळींसकट. पाचेक मिनिटं जास्त जातात.

ज्याने एकदाही सलग वाचलेलं नाही त्याला मी नको म्हणणार नाही. सुट्ट्या असतील, शिस्त असेल तर जरूर वाचा, फक्त उत्पत्तीऐवजी मार्कपासून सुरू केलंत तर बरं; सोळाच अध्याय आहेत. पण घरात लहान मुलं, लोकलचा प्रवास, लग्नं-बारशी असा संसार असेल तर मला वाटतं रोजची वाचनंच जास्त निभतील.

आमची ताई मात्र सलगवाली. सध्या यिर्मयाच्या पुस्तकात आहे आणि एकही दिवस चुकलेला नाही. हे सगळं तिला ऐकवायला जाऊ नका.